चार बोटं बर्फ

देरा, बुधवार

बर्फ बघायला रास अल खैमाला चाललोय असं मी सांगितलं, तेव्हा सावंतने हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. सावंत म्हणजे दुबईच्या देरा भागातल्या आमच्या खोलीतला माझा भागीदार. मूळचा मालवणचा, एका केटरिंगवाल्याकडे हेड कुक. ‘ताप तर नाय दिसत,’ तो म्हणाला. ‘मग ओव्हरटाइम जास्त झालाय. मोहनराव, यल्ला, झोपा जरा.’

त्याचा काही दोष नव्हता. ज्यांनी आखात पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं, की इथे बर्फ दोनच ठिकाणी भेटतो: सरबताच्या ग्लासात आणि अल क्वोजमधल्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. मी तिथली मशिनरी सांभाळतो. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत उणे अठरा, अशी चौदा वर्षं मी आतबाहेर करत काढली होती. पण दोन हजार चारचा डिसेंबर संपता संपता असा गार वारा सुटला, असा पाऊस झाला, की रास अल खैमाच्या मागचा जबल जैस नावाचा उंच डोंगर एके सकाळी चक्क पांढरा होऊन उभा राहिला. लोक म्हणत होते, हे आमच्या आज्यानेही पाहिलेलं नाही.

मी मात्र बर्फ पाहिला होता, आणि पोटभर पाहिला होता. विशीत मी हिमालयात गिर्यारोहणाचे दोन कोर्स केले आणि पुढे चार हिवाळे तिथेच शिकवायला राहिलो. उतारावरचा बर्फ कधी धरून बसतो, कधी सुटतो, पांढऱ्या मऊ गादीखाली कुठला थर दगा देतो आणि अख्खा उतार कसा एकदम खाली येतो, हे सगळं मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो. मग लग्न झालं, रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा उपयोगी पडला आणि मी दुबईत येऊन पडलो. वाळवंटात हिमस्खलनाचा जाणकार म्हणजे टकल्याच्या घरात कंगवा. चौदा वर्षांत मला त्याबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून त्या बुधवारी सकाळी अलीचा फोन आला, तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला. अली रास अल खैमाचा मासळीचा व्यापारी. त्याचा माल आमच्या गोदामात असतो, त्यामुळे दहा वर्षांची ओळख. इथल्या पुष्कळ स्थानिकांसारखी त्यालाही हिंदी येते. व्याकरण धाब्यावर बसवून, पण न अडखळता.

‘मोहन भाई, पहाड़ पे बर्फ गिरा. बाप ऊपर है, अकेला. तुम बोला था ना, तुमको बर्फ का मालूम?’

‘मालूम है.’

‘तो तुम आओ. मेरा बात बाप नहीं सुनता. बर्फ का आदमी का बात सुनेगा.’

संध्याकाळी मी पुण्याला फोन केला. बायको सुलभा आणि मुलगी मृण्मयी तीन वर्षांपूर्वी तिकडे गेल्या, मृण्मयीच्या दहावीसाठी. वर्षभरात मीही येतो असं तेव्हा ठरलं होतं. ते वर्ष अजून संपायचं होतं. फोन मृण्मयीने घेतला. मी तिला मोठ्या हौसेने बर्फाचं सांगितलं.

‘स्नो? इन रास अल खैमा? बाबा, यू आर किडिंग.’

‘अगं खरंच. उद्या जातोय मी. आईला दे ना फोन.’

‘आई इज नॉट होम. आणि माझा क्लास आहे, आय हॅव टु रन. बाय बाबा.’

रिसीव्हर ठेवला तरी मी तिथेच उभा होतो. खरं सांगायचं तर डोंगरावरच्या त्या म्हाताऱ्याची काळजी मला त्या क्षणी फारशी वाटत नव्हती. कोणाला तरी आपली गरज पडली आहे, याचाच आनंद जास्त होता. पलंगाखालच्या ट्रंकेतून मी माझे जुने डोंगरातले बूट काढले, पुसले, आणि उशाशी ठेवून झोपलो.

रास अल खैमा, गुरुवार

अलीच्या घरी न्याहारीला गोड शेवया आणि त्यांच्यावर पांघरलेलं ऑम्लेट आलं. त्याला बलालीत म्हणतात. आपल्याकडे शेवयांची खीर एका ताटात आणि अंडं दुसऱ्या घरात अशी परिस्थिती, त्यामुळे पहिला घास मी देवाचं नाव घेऊन गिळला. तिसऱ्या घासाला आवडायला लागलं. अलीची पाच मुलं दारातून माझ्याकडे बघत होती आणि आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. घर नवं, मोठं, सिमेंटचं. एक खोली त्याने मुद्दाम उघडून दाखवली. पलंग, कपाट, एसी, सगळं नवं कोरं, गादीवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

‘ये बाप का कमरा,’ तो म्हणाला. ‘छह साल से खाली है.’

डोंगराकडे जाताना गाडीत त्याने सगळं सांगितलं. त्याचा बाप सालेम सत्तरीच्या पुढचा. या डोंगरातल्या लोकांची जुनी रीत अशी, की उन्हाळा खाली खजुराच्या बागांत काढायचा आणि थंडी लागली की शेळ्या घेऊन वर जायचं, तिथे पायऱ्यांच्या शेतात गहू-जव पेरायचे. म्हणजे आपल्या लोकांच्या बरोबर उलट. आपण गारव्यासाठी उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठतो. आता ही रीत जवळजवळ सगळ्यांनी सोडली. सालेमच्या उतारावर पूर्वी बारा घरांतून धूर निघायचा, आता एकाच घरातून निघतो. बायको होती तोवर दोघं जात. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तरी हा दर थंडीला एकटा जातोच, आणि उन्हाळ्यातही अलीकडे न येता बागेतल्या झोपडीतच राहतो. अलीला त्याला कायमचं खाली आणायचं होतं.

‘मैं रात को सोता नहीं,’ अली म्हणाला. ‘ऊपर गिर गया तो कौन देखेगा? बर्फ अच्छा टाइम पे आया, मोहन भाई. तुम बोलो खतरा है, वो आ जाएगा.’

मी म्हटलं, बघू, आधी बर्फ तर बघू दे. पण मनातून मी पुरता अलीच्या बाजूचा होतो. घरात पाच नातवंडं, सून, तयार खोली, आणि हा माणूस दगडांत एकटा जाऊन बसतो! मला त्याचा थोडा रागच आला होता.

वाडीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, पावसाने वाहून आणलेले धोंडे पसरले होते. त्यातल्या एका धोंड्याने आमचा मागचा टायर फाडला. जॅक होता, पण तो अलीच्या दुसऱ्या गाडीत होता. शेवटी टायरखालची खडी हातांनी उकरून, दगडांचा ठेपा देऊन आम्ही चाक बदललं. नऊला चालायला लागायचं ते साडेदहा झाले.

वर

दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हे डोंगर दुरूनही साजरे नाहीत. सह्याद्रीला निदान गवत असतं, करवंदीची जाळी असते. इथे नुसता उघडा दगड, करडा, तपकिरी, थरांवर थर रचलेला. तासभर चाललो तरी पाखरू दिसलं नाही. मग हळूहळू डोळे सरावले आणि माणसाची खूण दिसू लागली. उतारावर दगडी बांध घालून केलेली बिछान्याएवढी शेतं. खडकाच्या कुशीत पावसाचं पाणी साठवायची टाकी, अगदी आपल्या गडांवर असतात तशी. एका टाक्यापाशी मी खाली वाकून पाणी प्यालो. एवढी वर्षं मी या देशात होतो, पण इथल्या जमिनीतलं पाणी पहिल्यांदाच पीत होतो.

बर्फाचा जाणकार म्हणून मी पुढे चालत होतो आणि धापा टाकणाऱ्या अलीला ‘पाऊल छोटं टाक, नाकाने श्वास घे’ असे सल्ले देत होतो. त्याच तोऱ्यात एका वळणावर माझ्या उजव्या बुटाचा तळवा सबंधच्या सबंध निघून खाली राहिला. दहा पावलांवर डाव्यानेही तेच केलं. चौदा उन्हाळे ट्रंकेत भाजून त्यांचा डिंक पार वाळून गेला होता. हात दाखवून अवलक्षण! अलीने डोक्याचं फडकं फाडून दिलं, त्याने तळवे बांधून मी पुढे निघालो. अर्थात पुढे म्हणजे आता मागून. सल्ले बंद झाले.

दोनच्या सुमाराला पहिला बर्फ दिसला, एका दगडाच्या सावलीत, कोणाच्या हातून मीठ सांडल्यासारखा. आणखी वर गेल्यावर सावलीतले उतार सगळेच पांढरे. अलीने वाकून मूठभर उचलला, हुंगला, जिभेवर ठेवला. पन्नाशीला आलेला, सहा टेम्पोंचा मालक, पण चेहरा माझी मृण्मयी पाच वर्षांची असताना दिसायची तसा झाला.

‘ये मेरा पहाड़ है,’ तो म्हणाला. ‘इसको मैं पहचानता नहीं.’

सालेमचं घर दिसल्यावर अली एकदम थांबला. इथे घरापर्यंत थेट जायचं नसतं. लांब उभं राहून हाक द्यायची आणि आतून उत्तर आलं की मगच पाऊल पुढे टाकायचं. आपल्याकडे कडी वाजवून, उत्तराची वाट न बघता ‘आहे का कोणी?’ म्हणत लोक थेट स्वयंपाकघरात शिरतात, त्याची मला आठवण झाली. अलीने तोंडाशी हात धरून लांब हाक दिली. डोंगराने ती दोनदा परत दिली, पण घरातून काही नाही. त्याने पुन्हा दिली. अलीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिसऱ्या हाकेला वरच्या बाजूने, शेळ्यांच्या घोळक्यातून उत्तर आलं, आणि काठीला लावलेली छोटी कुऱ्हाड टेकत एक किडकिडीत, ताठ म्हातारा खाली उतरला. बापलेकांनी इथल्या रीतीने नाकाला नाक लावलं. मग माझ्याशी हात मिळवून त्याने खाली माझ्या पायांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसला.

सालेमकडे

घर म्हणजे अर्धं जमिनीत आणि अर्धं वर, दगडावर दगड ठेवून रचलेलं, भिंती हातभर जाड. दार इतकं बुटकं की मान तुकवल्याशिवाय आत जाता येत नाही. आत अंधार, ऊब आणि शेळीच्या दुधाचा वास. त्याने निखाऱ्यावर जाड भाकरी भाजली, चुरून तिच्यावर तूप आणि मध ओतला, आणि आम्ही दोघं जेवेपर्यंत स्वतः घासाला हात लावला नाही. मी सुलभाने पाठवलेले मेथीचे लाडू काढले. त्याने एक खाल्ला, बराच वेळ चघळला आणि अलीला काहीतरी विचारलं.

‘पूछता है, ये कौन सा बीमारी का दवा है,’ अली म्हणाला.

उजेड होता तोवर तो दारात बसून माझे बूट शिवत होता. शेळीच्या केसांची दोरी त्याने तळव्यांखालून वर घेऊन अशी आवळली, की ते बूट माझ्याकडे अजून आहेत. काम करताना तो शेळ्यांशी बोलत होता. एकेकीला नावाने हाक मारून तो काही विचारायचा आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायचा. मी ते बघत राहिलो. देऱ्यात सावंत ड्यूटीवर असला की मीही फ्रीजशी बोलतो. कॉम्प्रेसर जरा घरघरला की म्हणतो, ‘काय रे, काय झालं तुला?’ मला वाटलं, हा माझ्याच जातीचा माणूस आहे. फरक इतकाच की माझी माणसं समुद्रापलीकडे आहेत आणि याची एका दिवसाच्या वाटेवर, तरीही हा जात नाही. त्या संध्याकाळी समुद्रावर सूर्य बुडताना मला इतकं एकटं वाटलं, की उठून खाली पळत सुटावंसं वाटलं.

जेवणानंतर बापलेकांचं वाजलं. अली हात हलवत होता, म्हातारा निखारे सारखे करत होता. शेवटी त्याने माझ्याकडे बोट करून शांतपणे बरंच काही सांगितलं, आणि अलीने ते मला हिंदीत दिलं. आमच्या घराण्यात असं आहे, की पाण्याची गोष्ट ज्याला पाणी कळतं त्याने सांगायची, मधमाश्यांची ज्याला माश्या कळतात त्याने. बाकीच्यांनी वाद घालायचा नाही. बर्फ आमच्यात कोणालाच कळत नाही. या पाहुण्याला कळत असेल, तर सकाळी त्याने बघावं आणि बोलावं. तो राहा म्हणाला तर राहीन, उतर म्हणाला तर उतरेन. आणि एकदा बोललेला शब्द परत घ्यायचा हक्कही त्याचाच.

‘अभी सब तुम्हारे हाथ में,’ अली म्हणाला.

शुक्रवार

सकाळी सगळ्यावर काचेसारखी कडक साय धरली होती. घराच्या वर एक अरुंद घळ होती आणि तिच्यात वाऱ्याने बर्फ भरून ठेवला होता. बाकी उतारावर जेमतेम चार बोटं, घळीत गुडघाभर. धोका असलाच तर तिथेच. मी सालेमची कुऱ्हाड आणि एक स्टीलची थाळी घेतली आणि तीस वर्षांपूर्वी शिकलो होतो तसं सगळं यथासांग केलं. खड्डा खणून जमिनीपर्यंत गेलो. थर बोटांनी दाबून पाहिले: वर कडक कवच, मधे भुसभुशीत, तळाशी साबुदाण्यासारखे ओले दाणे, आणि त्याखाली गुळगुळीत ओला खडक. मग थाळीएवढा बर्फाचा खांब चारी बाजूंनी मोकळा केला, वर थाळी ठेवली आणि आधी मनगटातून हलकेच थापट्या मारायला सुरुवात केली. तिसऱ्याच थापेला अख्खा खांब खडकावरून सटकून माझ्या मांडीवर आला.

हिमालयात तिसऱ्या थापेला खांब सुटला असता तर मी सगळ्यांना तिथूनच मागे फिरवलं असतं. मागे उभे असलेले बापलेक श्वास रोखून बघत होते. मी कुऱ्हाडीने घळीच्या वरच्या अंगाला एक टोला दिला. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि घळीतला सगळा बर्फ घसरत येऊन पन्नास पावलांवर एका बांधाला टेकून थांबला. झालं, एवढंच ते हिमस्खलन. त्याखाली कोंबडीही मेली नसती. आयुष्यभराची विद्या मी त्या चार बोटांवर खर्च केली होती, आणि उत्तर स्वच्छ होतं.

‘इधर खतरा नहीं है,’ मी अलीला म्हणालो. ‘धूप आएगा तो सब पानी हो जाएगा. बस, हफ्ता भर इस नाले के नीचे नहीं बैठने का, पत्थर छूटेगा. बाकी बाप आराम से रह सकता है.’

अलीने माझ्याकडे पाहिलं. मग तो बापाकडे वळला आणि बोलू लागला, माझ्या चार वाक्यांच्या मानाने पुष्कळच लांब. मला अरबी येते ती गोदामापुरती: आज, उद्या, चालू, बंद. पण आमच्या अमोनियाच्या खोलीच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलेला एक शब्द मी रोज बघतो. खतर. तो शब्द अलीच्या तोंडून दोनदा आला. आणि ‘अल यौम’, म्हणजे आज, हेही मला समजलं.

म्हातारा माझ्याकडे बघत होता. शब्द त्याने मुलाचे ऐकले होते, पण खात्री तो माझ्या चेहऱ्यावर शोधत होता. मला फक्त मान आडवी हलवायची होती. मी ती उभी हलवली.

का, ते मी तेव्हाच स्वतःला नीट समजावून सांगितलं होतं. मला ती तयार खोली दिसत होती, दारातली पाच मुलं दिसत होती. मला कोणी असं फसवून पुण्याच्या घरात नेऊन बसवलं असतं, तर मी त्याचे पाय धरले असते. मी म्हाताऱ्याचं भलंच करत होतो. उंटावरून शेळ्या हाकायला मला किती सोपं गेलं, हे समजायला पुढे नऊ महिने लागले.

सालेमने आत जाऊन निखारे विझवले, धान्याच्या रांजणांवर दगड ठेवले, बाहेर येऊन हातभर लांबीच्या किल्लीने लाकडी कुलूप लावलं. दारावर क्षणभर हात ठेवला. मग शेळ्यांना हाक दिली आणि आमच्या पुढे उतरायला लागला. वाटेत त्याने दोनदा मला हात देऊन खाली घेतलं.

वाडीत पोचायच्या थोडं आधी मी मागे पाहिलं. दुपार झाली होती. जबल जैस डोक्यापासून पायापर्यंत कोरडा, तपकिरी, रोजच्यासारखा उभा होता. पांढरा ठिपकादेखील कुठे नव्हता. अली शेळ्या मोजत होता. मी पुढे वळलो आणि चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी फोनवर सुलभा भेटली. एका म्हाताऱ्याला त्याच्या घरी आणून सोडलं, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘पुण्य केलंत. मग तुम्ही कधी येताय?’ मी म्हणालो, ‘येतो, इन्शाल्ला.’ त्यानंतरही मी तिला ही गोष्ट अधूनमधून सांगायचो. सालेम आता एसीत कसा झोपत असेल, नातवंडं अंगावर कशी खेळत असतील. सांगताना मला बरं वाटायचं.

पुन्हा रास अल खैमा

सप्टेंबर संपत आला तेव्हा अलीच्या तिथल्या छोट्या गोदामातला कॉम्प्रेसर बघायला गेलो होतो. काम झाल्यावर त्याने जेवायला घरी नेलं. भात आणि भाजलेली सुरमई, वर लिंबू. घर तसंच गजबजलेलं. मी सालेमचं विचारलं.

‘सब अच्छा. डॉक्टर बोला, शुगर नहीं, प्रेशर नहीं. सिर्फ बात नहीं करता.’

‘किससे?’

‘किसी से भी. पोता लोग आता है, सिर चूमता है, फिर टीव्ही देखता है. उनको बाप का बोली भी ठीक नहीं समझता. स्कूल में सब अंग्रेज़ी.’

त्या खोलीतल्या गादीवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. अली म्हणाला, तो जमिनीवर झोपतो. मग आम्ही मागच्या अंगणात गेलो. भर दुपारचं ऊन होतं. जाळीच्या कुंपणात शेळ्या होत्या, पण निम्म्याच उरल्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सालेम डोंगराकडे तोंड करून बसला होता. शेळ्यांशीही तो बोलत नव्हता. नऊ महिन्यांत तो इतका वाळला होता की उठून उभा राहिला तेव्हा मी नकळत हात पुढे केला. त्याने तो धरला आणि सोडलाच नाही. माझ्याकडे बघून, माझ्या गोदामापुरत्या अरबीला समजेल अशा बेताने, त्याने सावकाश एकेक शब्द विचारला. वरचा बर्फ संपला का?

अंगणातली वाळू तापून पायाला चटके बसत होते. अलीने माझ्याकडे बघितलं नाही. मला कळलं, की हा माणूस भ्रमिष्ट झालेला नाही. वर जायचे दिवस जवळ आले होते, आणि उतर म्हणणाऱ्याने अजून जा म्हटलं नव्हतं.

‘अली, जो मैं बोलता हूँ वही बोलना,’ मी म्हणालो. ‘एक शब्द कम नहीं, एक ज्यादा नहीं. बोलो, बर्फ उसी दिन गया. हम लोग नीचे पहुँचने से पहले. खतरा था ही नहीं. मैंने झूठ में सिर हिलाया. मुझे माफ करो.’

अली बापाकडे वळला. मग त्याने सांगितलं. या वेळी ते माझ्या वाक्यांइतकंच लांब होतं.

सालेमने माझा हात थोपटला, एखाद्या अडलेल्या शेळीला थोपटावं तसा, आणि मुलाला काहीतरी म्हणाला. अलीचे डोळे भरून आले होते. त्याने ते मला हिंदीत सांगितलं.

‘बोलता है, मालूम है. उस दिन मैंने भी पीछे देखा था. लेकिन शब्द तुम्हारा था.’